रकमेआधी तारीख विचारणाऱ्या वकीलबाई

सेवा कसली, तर जुन्या क्रेडिट कार्डाच्या वसुलीची नोटीस आली की तिचं काय करायचं याचा सल्ला, आणि त्या नोटिशीला उत्तर. ठिकाण वडोदरा, रावपुरा, टॉवरच्या जवळच्या एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. माझे तारे पाचपैकी चार. वकीलबाईंचं नाव लिहीत नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही आणि बाई त्या बाबतीत कडक आहेत. "काका, बरं लिहा की वाईट लिहा, नाव मात्र नको," असं त्यांनी आधीच बजावलंय. पुढे जिन्याचं वर्णन वाचून दांडिया बाजारातल्या मंडळींना ऑफिस ओळखू आलं, तर त्याला माझा इलाज नाही.

प्रकरण माझ्या धाकट्या भावाचं. त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. नोटाबंदीने निम्मा बसला, जीएसटी आल्यावर उरलेला गेला. एका खासगी बँकेचं कार्ड होतं, त्यावर ६८ हजार बाकी राहिले. शेवटचा भरणा नोव्हेंबर २०१७चा. पुढच्या बिलाची तारीख २४ डिसेंबर २०१७ होती, ती चुकली आणि नंतर एक पैसाही गेला नाही. वर्षभर बँकेचे फोन आले, मग थांबले. कोरोना येऊन गेला. धाकट्याने नोकरी धरली, पोरीचं लग्न केलं. आणि २०२५च्या जूनमध्ये रजिस्टर पोस्टाने नोटीस. पाठवणारी बँक नव्हेच. बँकेने हे कर्ज दुसऱ्या एका कंपनीला विकलं होतं, तिच्या परगावच्या वकिलाची नोटीस होती. रक्कम २ लाख ८६ हजार ४५०. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई.

मी एका औषध कंपनीत आयुष्यभर हिशेब लिहिले. रक्कम बघितली की ती कशी झाली हे शोधल्याशिवाय मला जेवण जात नाही. ६८ हजारांवर दरमहा साडेतीन टक्के, सरळ व्याजाने, डिसेंबर १७ ते जून २५ असे नव्वद महिने धरले तर व्याज होतं २ लाख १४ हजार २००. मुद्दल धरून २ लाख ८२ हजार २००. वरचे चार हजार कसले, हे नोटिशीत नव्हतं. व्याजाचा दर कोणता, कुठल्या तारखेपासून, हेही नव्हतं. एक ओळ मात्र ठळक अक्षरांत होती: "शेवटचा भरणा दिनांक ११ जुलै २०२२." धाकटा शपथेवर सांगत होता की २०२२मध्ये त्याने काही भरलेलं नाही. या ओळीकडे पुन्हा येतो.

वकीलबाईंच्या आधी आम्ही दुसरी एक सेवा बघितली, तिच्याबद्दलही लिहायला हवं, कारण हल्ली मोबाइलवर तिच्याच जाहिराती दिसतात. कर्जाची तडजोड करून देणारी कंपनी. नाव घेत नाही. व्हिडिओ कॉलवर मुलगा अगदी गोड बोलणारा. पगार किती, घरभाडं किती, महिन्याला किती बाजूला पडतील, आणखी कुठली कर्जं आहेत का, सगळं त्याने विचारलं. दर महिन्याला फी, शिवाय बँकेकडून जेवढी सूट मिळेल तिच्यातला हिस्सा, असा त्यांचा भाव. पण शेवटचे पैसे कधी भरले, हा प्रश्न त्याच्या तोंडून एकदाही आला नाही. त्याच रात्री मोबाइलवर सही करायला कागद आला. त्यात चौथ्या परिच्छेदात होतं की उपरोक्त रक्कम मी देणं लागतो हे मला मान्य आहे आणि ती हप्त्यांनी फेडण्याचं वचन मी देतो.

धाकटा सही करायच्या बेतात होता. मी म्हटलं, थांब. आमच्या कंपनीत दर मार्चअखेरीला सगळ्या व्यापाऱ्यांना बाकी कबुलीची पत्रं जायची. "३१ मार्चला आमच्या खात्यात तुमच्याकडे इतकी बाकी निघते, सही करून परत पाठवा." नव्या पोरांना वाटायचं ही ऑडिटरची हौस आहे. आमचे जुने मॅनेजर सांगायचे की ऑडिटरला ती लागतातच, पण व्यापाऱ्याची सही आली की उधारी आणखी तीन वर्षं जिवंत राहते. म्हणून सही न करणाऱ्या व्यापाऱ्याकडे माणूस पाठवायचे, चहा पाजून सही आणायचे. आता तीच सही कोणी माझ्या भावाकडून मागतंय, आणि वर त्याचीच फी घेतंय! त्या कंपनीला एक तारा देतो, तोही बोलण्यातल्या गोडव्यासाठी.

तर रावपुरा. पूर्वी इथल्या वकिलांचं बरं होतं. सूरसागरासमोरच्या न्यायमंदिरात कोर्टं होती, काळा कोट हातावर टाकून पायी जायचे. कोर्टं दिवाळीपुऱ्याला गेल्यापासून दुपारभर ही ऑफिसं ओस असतात आणि संध्याकाळी पाचनंतर तिथे जत्रा भरते. लाकडी जिना, कठड्याच्या जागी दोरखंड, दुसऱ्या मजल्यावर एका शिंप्याचं दुकान. माझ्यासारख्या गुडघेवाल्यांनी मधे शिंप्याकडे टेकावं, तो खुर्ची देतो. वर गेल्यावर कारकून म्हणाला, "बेसो काका, बेन आवे छे." बेन चांगल्या तासाभराने आल्या.

बाई मूळ गुजराती, पण मराठी आपल्या बडोद्याची, फाडफाड. नोटीस हातात घेतली, रक्कम असलेलं पान उलटून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "शेवटचे पैसे कधी भरले? तारीख सांगा, महिना नको." मग पुढचे प्रश्न. त्यानंतर बँकेला काही लिहून दिलंय का? ई-मेल? तडजोडीच्या कुठल्या कागदावर सही? चेक देऊन ठेवलाय का? शेवटच्या प्रश्नावर धाकटा चपापला. बाई म्हणाल्या, चेक परत गेला तर फौजदारी होते, पण तिथे चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, त्यानंतर पैसे भरायला पंधरा दिवस आणि ते न भरल्यास महिन्याभरात तक्रार. तुमच्याकडून चेकच गेलेला नसेल, तर नोटिशीतलं "फौजदारी" हे घाबरवण्यापुरतं आहे. कार्डाची बाकी न भरल्याबद्दल पोलीस येत नाहीत.

मग त्यांनी जे केलं, त्याचेच मी निम्मे तारे देतो. टेबलावर कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामांची यादी होती, तिच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. डाव्या टोकाला लिहिलं २४-१२-२०१७. म्हणाल्या, पैशांचा असा साधा दावा कोर्टात घालायला १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षं. म्हणजे २४ डिसेंबर २०२०. तिथे एक उभी खूण. धाकट्याचा चेहरा खुलला, तेवढ्यात त्यांनी ती खूण खोडली. कोरोना विसरलात. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला. ज्यांची मुदत त्या काळात संपत होती, त्यांना १ मार्च २०२२ पासून नव्वद दिवस, किंवा १५ मार्च २०२०ला त्यांच्या हातात जेवढे दिवस शिल्लक होते तेवढे, यातलं जे जास्त असेल ते. रेघेवर त्यांनी दोन कंस काढले आणि मधला भाग खरडून काळा केला. १५ मार्च २०२०ला किती उरले होते? मार्च ते डिसेंबर, नऊ महिने आणि वर नऊ-दहा दिवस. ते १ मार्च २०२२ पासून पुढे मोजा. डिसेंबर २०२२चा पहिला पंधरवडा.

"म्हणजे बँकेकडे डिसेंबर २०२२ पर्यंत वेळ होता. आता बघा," म्हणत त्यांनी नोटिशीतल्या ११ जुलै २०२२ या तारखेवर पेन्सिल ठेवली. ती तारीख बरोबर मुदतीच्या आत पडत होती. मुदत जिवंत असताना भरणा झाला, तर कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तिथून पुन्हा तीन वर्षं. म्हणजे ११ जुलै २०२५. नोटीस जूनमध्येच का आली, त्याचं उत्तर असं कागदावर निघालं. महिनाभर शिल्लक होता त्यांच्या हिशेबाने.

त्या दिवशी बाईंनी उत्तर लिहिलं नाही. आधी बँकेकडून पूर्ण खातेउतारा मागवा म्हणाल्या, आणि ई-मेलचा मजकूर स्वतः सांगितला. धाकट्याने "माझ्या थकबाकीचा उतारा पाठवावा" असं टाइप केलं होतं, ते खोडायला लावलं. "माझ्या नावे तुम्ही दाखवलेल्या रकमेचा," असं लिहून घेतलं. तारखेचा वाद चालू असताना, देणं कबूल केल्याचा अर्थ निघेल असं एक वाक्यही आपल्या हातून जायला नको. कलम १८ मध्ये मुदतीच्या आत दिलेली लेखी, सहीची कबुली नवीन तीन वर्षं देते, आणि ई-मेल ही कबुली धरली गेल्याचे निकाल आहेत.

उतारा आला. मी तो घरी दिव्याखाली घेऊन बसलो. ११/०७/२०२२ला खरंच जमा होती: २१२ रुपये ४० पैसे. आता मला सांगा, कर्ज फेडायला निघालेला कुठला माणूस २१२ रुपये ४० पैसे भरतो? १८० वर अठरा टक्के जीएसटी ३२ रुपये ४० पैसे. मागे गेलो तर जूनच्या पानावर तेवढीच रक्कम नावे टाकलेली, कसलंसं शुल्क म्हणून. पुढच्या महिन्यात बँकेने ते स्वतःच उलटवलं होतं. जमेसमोरच्या बारीक अक्षरांत "रिव्हर्सल" असं छापलेलंही होतं. बँकेने आपलीच चूक दुरुस्त केली, आणि कर्ज विकत घेणाऱ्या कंपनीच्या संगणकाने तिला भावाचा भरणा मानून तीन वर्षं वाढवून घेतली. ही मुद्दामची चलाखी की आंधळी मशीन, ते मी सांगू शकत नाही. दोन्हीचा परिणाम सारखाच आहे. त्या रात्री मी बायकोला उठवून उतारा दाखवला. ती म्हणाली, "अहो, झोपा आता."

बाईंनी उतारा पाहिला, १८०च्या हिशेबाला "वाह काका" म्हटलं आणि वर आपली भर घातली. कलम १९ला नुसती जमा चालत नाही. पैसे भरणाऱ्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद लागते. इथे भरणा कोणाचा नाही आणि सही कोणाची नाही. कर्ज विकत घेणाऱ्याला नवं घड्याळही मिळत नाही. बँकेकडे जेवढी मुदत होती, तेवढीच त्याच्याकडे येते. आणि नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. मुदतीच्या आत दावा कोर्टात दाखल व्हावा लागतो.

मधल्या काळात न्यू जर्सीच्या भाच्याचा फोन आला. तिकडे त्याच्या मित्रावर असाच प्रसंग आला होता, म्हणून मामाला सल्ला: "एक डॉलरही भरू नका, घड्याळ पुन्हा सुरू होतं." त्याची माहिती तिकडची म्हणून बरोबर आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची मुदत वेगळी, कॅलिफोर्नियात लेखी कराराला चार वर्षं, न्यू जर्सीत सहा, आणि बऱ्याच राज्यांत थोडासा भरणाही मुदत नव्याने चालू करतो. तिथे मुदत संपल्याचा मुद्दा प्रतिवादीने स्वतः मांडावा लागतो, नाही मांडला तर गेला. मी हे बाईंना विचारलं. आपल्याकडे उलट आहे म्हणाल्या. कलम ३ न्यायाधीशालाच सांगतं की मुदतीबाहेरचा दावा फेटाळ, समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी. "पण म्हणून समन्स आल्यावर घरी बसू नका. जज्जासमोर फक्त त्यांचे कागद असतील, आणि त्यांच्या कागदात ११ जुलै २०२२ आहे. २१२ रुपयांचं त्याला कोण सांगणार?" एकतर्फी हुकूमनामा झाला तर पुढची बारा वर्षं त्याची दरखास्त, म्हणजे कोर्टामार्फत वसुली, होऊ शकते.

आणि डॉलरचं? मुदत संपल्यानंतर पाचशे रुपये भरले म्हणून गेलेली मुदत आपल्याकडे परत येत नाही, कारण कलम १८ आणि १९ दोन्ही मुदत जिवंत असतानाच्या गोष्टी बोलतात. धोका दुसरीकडे आहे. १८७२च्या कराराच्या कायद्यात कलम २५च्या तिसऱ्या पोटकलमात मुदतीबाहेरचं कर्ज फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन हा स्वतंत्र करार मानला आहे. त्यावर नवा दावा होतो. तडजोडवाल्या कंपनीचा चौथा परिच्छेद बाईंना दाखवला. त्यांनी वाचला, हसल्या नाहीत, नुसतं "हां, हेच ते," म्हणून मोबाइल परत दिला.

उत्तर दीड पानाचं गेलं. रक्कम मान्य नाही, अशिलाचा शेवटचा भरणा नोव्हेंबर २०१७चा, ११ जुलै २०२२ची नोंद बँकेनेच उलटवलेल्या शुल्काची, सोबत उताऱ्याची दोन पानं, मागणी मुदतबाह्य, कर्ज विकत घेतल्याचा दस्तऐवज दाखवा, यापुढे जे असेल ते लेखी. विशेषणं नाहीत, धमक्या नाहीत. रजिस्टर पोस्टाने, पोहोचपावतीसह. पहिल्या सल्ल्याचे ५००, उत्तराचे २,५००. टपालखर्च वेगळा. यूपीआय चालतं.

त्यानंतर काय झालं? रात्री साडेआठला एक वसुलीवाला फोन करून "वॉरंट निघतंय" म्हणाला. बाईंनी वेळ लिहून ठेवायला सांगितली होती. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला दोन ओळींचा ई-मेल गेला. फोन बंद. मग सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली, वर कोर्टाचा शिक्का, म्हणून घरात पुन्हा धावपळ. बाई म्हणाल्या, हा दावा नाही, दाव्याआधी तडजोडीला बोलावणं आहे. जायचं असेल तर जा, न गेलात तर तुमच्याविरुद्ध काही होत नाही. पण तिथे एकदा तडजोड करून सही केलीत तर तो दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच धरला जातो आणि त्यावर अपील नाही. आम्ही गेलो नाही. कारकुनाने ई-कोर्ट्सच्या साइटवर धाकट्याच्या नावाने शोध घेतला, वडोदऱ्यात दावा दिसला नाही. आता जुलै उलटून गेलाय, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या तारखेनेही वेळ संपली. लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्याचं, पत्र मात्र आलं तर कचऱ्यात टाकू नका, असं बाईंनी दोनदा सांगितलंय. लवाद ई-कोर्ट्सवर दिसत नाहीत. मुदतीचा कायदा त्यांनाही लागू आहे, पण तो तिथे जाऊन सांगावा लागतो.

या सगळ्यात धाकट्याची बायको खूश नाही. तिचं म्हणणं, घेतले होते ना पैसे, मग ६८ हजार देऊन टाका, माझ्या माहेरी असं चालत नाही. हा प्रश्न मी बाईंसमोर मांडला, तेव्हा मला वाटलं त्या उडवून लावतील. तसं झालं नाही. मुदत संपली म्हणजे कोर्टाचा दरवाजा बंद झाला, कर्ज पुसलं गेलं असं नाही, हे त्यांनी वहिनींना फोनवर स्वच्छ सांगितलं. द्यायचे असतील तर द्या, पण रीत पाळा. आधी त्यांच्याकडून लेखी पत्र घ्या की इतक्या रकमेत पूर्ण हिशेब मिटला, मग एकरकमी भरा, मग बाकी नसल्याचा दाखला घ्या. हप्ते नकोत आणि स्वतःच्या सहीचं वचनपत्र नको. वहिनींना हे पटलं. धाकट्याला अजून पटलेलं नाही. त्या दोघांत मी पडणार नाही.

आणखी एक गोष्ट जी तडजोडवाल्याने सांगितली नव्हती. मुदत संपल्याने सिबिलचा अहवाल धुतला जात नाही. पतमाहिती कंपन्या नोंदी किमान सात वर्षं ठेवतात, आणि भावाच्या अहवालात ते खातं "रिटन ऑफ", म्हणजे बुडीत धरलेलं, म्हणून अजून आहे. त्याला छोटा टेम्पो घ्यायचाय, एका सहकारी पतपेढीने त्याच कारणाने नाही म्हटलं. कमी रकमेत मिटवलं तर तिथे "सेटल्ड" येईल. ते पूर्ण भरल्यासारखं नसतं, बँका त्याकडेही तिरकंच बघतात. बाईंनी हे न विचारता सांगितलं, आणि त्यात त्यांची काही फी नव्हती.

आता तारा कशाला कापला ते. वेळ देतात पाचची आणि येतात सहाला. कोर्टाचं काम लांबतं हे मान्य, पण कारकुनाला एक फोन करता येतो. तोवर बसायला दोनच खुर्च्या, बाकीच्यांनी जिन्यात उभं राहायचं. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मी मागितली तेव्हा कारकुनाने पावतीपुस्तक शोधायला तीन कपाटं उघडली. उत्तराचा मसुदा आधी गुजरातीत दिला, भावाला चालला, पण समोरचा वकील परगावचा, तर इंग्रजीत हवा होता. पुन्हा टाइप करायला दोन दिवस गेले आणि नोटिशीचे पंधरा दिवस तेव्हा संपत आले होते. धीर देणं, पाठीवर हात ठेवणं हा प्रकार बाईंकडे नाही. शेजारच्या खुर्चीवरचा एक तरुण रडवेला झाला होता, त्यालाही त्या म्हणाल्या, "आधी स्टेटमेंट आण, मग बघू." मला हे चालतं. सगळ्यांना चालेल असं नाही.

घर गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाची नोटीस घेऊन माझा हा अनुभव सांगत तिथे जाऊ नका, तिथे मुदत बारा वर्षांची आहे आणि सगळं गणितच वेगळं. कार्ड, पर्सनल लोन, दुकानाची उधारी, यांच्यासाठी जा. जाताना नोटीस लिफाफ्यासकट न्या, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख बाई आधी बघतात. शेवटच्या भरण्याचा बँक पासबुकातला पुरावा न्या. शनिवारी जाऊ नका, गर्दी जास्त असते. दुचाकी टॉवरखाली लावली तर उचलून नेतात, ती दांडिया बाजारातच ठेवून चालत यावं.